पंप सगळे विकतात, शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात, दवाखान्यांत फलक लागतात. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको, पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजा. हे सगळं बरोबर आहे आणि वॉर्डात खाटेशेजारी उभी राहून मीही बाळंतिणींना हेच सांगत आले. पण आमच्या कोपरखैरण्यात ज्या मुली माझ्या घरी विचारायला येतात, त्यांचा प्रश्न याच्या पुढचा असतो. "काकू, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. पंप आणलाय, पण दूधच येत नाही." याचं उत्तर त्यांना प्रसूतिगृहात मिळत नाही, दुकानात मिळत नाही आणि ऑफिसात तर विचारायचीच चोरी. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात आणि पेटीतल्या बाळांच्या विभागात गेली. तिथे पंप क्वचितच दिसे. किलो-सव्वा किलोच्या बाळांना चोखायची ताकद नसे. त्यांच्या आयांना शेजारी बसवून हातानं दूध काढायला शिकवायचं आणि उकळलेल्या स्टीलच्या वाटीत जमलेलं ते थोडंसं दूध मोजून नळीवाटे बाळाला द्यायचं, हे आमचं रोजचं काम. केसपेपरवर त्याला ईबीएम, म्हणजे आईचं काढलेलं दूध, असं लिहायचो. त्या वाट्यांशेजारी बसून एक गोष्ट पक्की कळली. छातीत दूध असणं वेगळं आणि ते बाहेर येणं वेगळं. पहिलं असूनही दुसरं होत नाही, तेव्हा बाई घाबरते आणि घरातले "दूध आटलं" म्हणून मोकळे होतात.

दूध तयार करणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन. रात्री आणि पहाटे त्याचं प्रमाण जास्त असतं. पण तयार झालेलं दूध खाली सोडणारं संप्रेरक दुसरंच, ऑक्सिटोसिन. पान्हा फुटतो तो त्याच्यामुळे. बाळ चोखू लागलं, बाळाचा आवाज आला, कधी कधी नुसती आठवण झाली तरी ते सुटतं आणि दुखणं, धास्ती, घाई यांनी अडतं. वासरानं दोन ढुशा दिल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पंपालाही तीच ढुशी आधी लागते, आणि खोक्यातल्या माहितीपत्रकात ती बारीक अक्षरांत कुठेतरी हरवलेली असते.

आमच्याच इमारतीतली एक मुलगी, महापेच्या एका कंपनीत कामाला आहे. बाळ तिसऱ्या महिन्यात होतं तेव्हा ती माझ्याकडे आली. ऑनलाइन मागवलेला चांगला महागाचा विजेवरचा पंप होता. दोन्ही बाजूंची बोंडं सोलवटून लाल झालेली. बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध येत होतं म्हणून तिनं पंपाचा जोर अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवला होता. सासूबाईंनी वरच्या दुधाचा डबा आणायला सांगितला होता. बाळ मात्र गुटगुटीत, दिवसातून सहा-सात लंगोट ओले करणारं, वजन नीट वाढणारं. म्हणजे दूध भरपूर होतं. मी तिला म्हटलं, "माझ्यासमोर लाव बघू."

लावल्यावर दोन मिनिटांत दिसलं. पंपाचं जे नरसाळं छातीला लागतं, ते तिला फार मोठं होतं. स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळा भागही आत खेचला जात होता, सुजत होता आणि त्या सुजेनं दुधाची वाट दाबली जात होती. बऱ्याच पंपांबरोबर २४ मिलिमीटरचं नरसाळं येतं, तेच सगळ्यांना चालेल असं धरून. मी घरातली शाळेची पट्टी आणली. पंप लावण्याआधी, न ओढता, स्तनाग्र बुडाशी किती रुंद आहे तेवढंच मोजायचं, काळा भाग धरायचा नाही. तिचं माप १६ भरलं. नरसाळं या मापापेक्षा किंचितच मोठं हवं. स्तनाग्र आत मोकळेपणानं मागे-पुढे व्हायला हवं, कडेला घासायला नको आणि काळा भाग फारसा आत जायला नको. लहान मापाचं नरसाळं, किंवा मोठ्यात बसवायचा सिलिकॉनचा तुकडा (इन्सर्ट), वेगळा विकत मिळतो. हे तिला ना विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ना प्रसूतिगृहातल्या कुणी. चप्पल घेताना आपण नंबर सांगतो, आणि इतक्या नाजूक जागी लावायच्या वस्तूचं माप कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

नवं नरसाळं येईपर्यंत मी तिचा पंप बंद ठेवला आणि हातानं दूध काढायला शिकवलं. अंगठा आणि दोन बोटं काळ्या भागाच्या कडेला धरायची, आधी छातीच्या दिशेनं मागे दाबायचं, मग एकमेकांकडे, आणि सोडून द्यायचं. त्वचेवरून बोटं घसरवायची नाहीत, स्तनाग्र चिमटायचं नाही. पहिली मिनिट-दोन मिनिटं काही येत नाही. मग थेंब, मग धार. ही कला प्रत्येक बाळंतिणीला यायला हवी. लाइट गेली, पंप बिघडला, गाडीत छाती दगड झाली, तरी हात बरोबर असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचं चीक दूध तर पंपापेक्षा हातानंच चांगलं निघतं.

नंतर पंपाची रीत. बसायला पाठ टेकेल अशी जागा हवी. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल छातीवर ठेवायचा, काखेकडून पुढे हलक्या हातानं चोळायचं, बाळाचं झबलं जवळ घ्यायचं किंवा मोबाइलवर बाळाचा व्हिडिओ बघायचा. पंप आधी हलक्या, भरभर ओढीवर लावायचा, बाळ सुरुवातीला तसंच लुटुलुटु ओढतं. धार सुरू झाली की ओढ संथ आणि थोडी खोल करायची. जोर वाढवत जायचं, जरा नकोसं वाटलं की एक पायरी खाली यायचं आणि तिथेच थांबायचं. दुखलं की पान्हा अडतो, त्यामुळे जास्त जोर म्हणजे जास्त दूध हा हिशेब साफ चुकीचा आहे. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मधे धार थांबली तरी पंप काढू नये, पुन्हा चोळावं, बहुतेकींना दुसऱ्यांदा पान्हा फुटतो. शेवटी पंप काढून उरलेलं हातानं काढावं, ते दाट साईचं दूध असतं. बाटलीकडे सारखं टक लावून बघायचं नाही, हे मी मुद्दाम सांगते. बाटलीवर मोजा चढवून ठेवला तरी चालेल.

आणि ओढ अचानक कमी झाली तर पंप बिघडला असं लगेच धरू नका. आधी आतली सिलिकॉनची छोटी झडप बघा. ती रोजच्या वापरानं सैल होते, चिरते. ती बदलली की तोच पंप पुन्हा नीट चालतो. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर नळी नीट सुकवावी, बुरशी दिसली तर टाकून द्यावी.

मेडिकलच्या दुकानात अजूनही मागे रबरी फुगा असलेला स्वस्तातला पंप टांगलेला दिसतो. तो घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुता येत नाही आणि ओढीवर ताबा राहत नाही. परवडत नसेल तर हात, नाहीतर दांडी दाबून चालवायचा साधा हातपंप. तोही उत्तम काम करतो.

आता दूध किती साठवायचं. मुली इंटरनेटवर दुधाच्या पिशव्यांनी गच्च भरलेले फ्रीझर बघतात आणि हबकतात. एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसभरात साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे तासाला सरासरी तीसेक मिली. नऊ-दहा तास घराबाहेर राहणाऱ्या आईला तीनशे मिलीच्या आसपास दूध मागे ठेवायचं आहे. त्यातलं उद्याचं दूध आज ऑफिसात निघतं. हाताशी दोन-तीन दिवसांचा साठा असला की झालं. त्यासाठी रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे सुरुवात करावी. पहाटे बाळ एका बाजूला पीत असताना किंवा त्याचं पोट भरल्यावर दुसरी बाजू पंपानं काढायची. गरजेपेक्षा फार जास्त काढत राहिलं तर शरीर तेवढं बनवायला लागतं, छाती भरून येते, गाठी धरतात, ताप येतो. ज्यांना खरोखर जास्त दूध येतं त्यांनी ते शेजारच्या बाळाला परस्पर देऊ नये, मानवी दूधपेढीत द्यावं. तिथे दात्या आईची तपासणी होते, दूध पाश्चराइज होतं. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात देशातली पहिली दूधपेढी सुरू केली. आमच्या पिढीच्या परिचारिकांना त्या कामाचा अभिमान आहे.

पंपात कमी आलं म्हणजे अंगावर कमी आहे, असं मुळीच नाही. बाळासारखं दूध कोणताही पंप काढू शकत नाही. बाळाचं वजन आणि ओले लंगोट हेच खरं माप.

काढलेलं दूध ठेवण्याबद्दल घरातल्या ज्येष्ठांशीच बोलावं लागतं, कारण दिवसभर ते त्यांच्या हाती असतं. आमच्याकडे माथाडी वसाहतीत सातारकडच्या पुष्कळ सासूबाई आहेत. सुरुवातीला त्या "शिळं दूध" म्हणून नाक मुरडतात, पण नीट समजावलं की सगळ्यात काटेकोर त्याच असतात. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ताजं काढलेलं दूध चार तास टिकतं. पण एप्रिल-मेमध्ये, आणि पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये, आपल्या स्वयंपाकघरांत २५ अंश कुठून असणार? म्हणून लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं, दारात नाही, आतल्या बाजूला. तिथे चार दिवस चालतं, फ्रीझरमध्ये सहा महिने. फ्रीझरमधलं खाली फ्रिजमध्ये ठेवून वितळलं की चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. डबीवर तारीख लिहायची, जुनं आधी वापरायचं. दुधावर साय वेगळी झाली तर ते नासलं नाही, डबी हळुवार गोल फिरवली की एकजीव होतं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात डबी उभी करायची. बाळानं उष्टं केलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. हे शेवटचं आजींना सगळ्यात जड जातं आणि मला ते समजतं. दोन चमचे दुधामागे सुनेचे कष्ट त्यांनी पाहिलेले असतात.

पाजायचं कसं? पंपाबरोबर बाटली आणि रबरी बूच येतंच, म्हणून बाटलीनंच पाजायला हवं असं नाही. वाटी-चमचा किंवा बोंडलं घ्या. बाळाला जरा बसतं धरून, खालच्या ओठाला कड लावून, त्याच्या गतीनं. चमच्याला सरावलेलं बाळ संध्याकाळी आई आल्यावर अंगावर प्यायला कुरकुर करत नाही आणि वाटी धुणंही सोपं. पंपाचे दूध लागलेले भाग मात्र दर वेळी साबणाच्या गरम पाण्यानं, सिंकमध्ये न टाकता वेगळ्या पातेल्यात धुवायचे आणि झाकून न ठेवता हवेवर सुकवायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर रोज उकळायचे. हे काम नवऱ्यानं करावं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी नवऱ्याला घेऊनच यायला सांगते.

हे सगळं घरापुरतं झालं. घराबाहेर पडलं की या मुली एकट्या पडतात. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या कचेऱ्यांत हजारो बायका जातात, कुणी कळव्याहून, कुणी घोडबंदर रोडवरून, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर गाडी बदलून. दर तीन तासांनी दूध काढलं नाही तर दोन गोष्टी होतात. आधी छाती दुखते आणि मग, शरीराला वाटतं मागणी नाही, म्हणून दूध खरंच कमी होतं. आपल्याकडे १९६१ च्या कायद्यापासून बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन स्तनपान-विश्रांतींची तरतूद आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. पण हे सगळं बाळ जवळपास आहे असं धरून लिहिलेलं. इथे बाळ कोपरखैरण्यात आजीजवळ आणि आई ऐरोलीत आठव्या मजल्यावर. तिला त्या दोन विश्रांती पंपासाठी हव्या आहेत. मला भेटलेल्या मुलींपैकी कुणी स्वच्छतागृहात कमोडच्या झाकणावर बसून दूध काढते, कुणी सर्व्हरच्या खोलीत, दाराला बाहेरून मैत्रीण उभी करून. जिथे आपण घास खाणार नाही तिथे बाळाचं अन्न काढायला लावू नये.

स्तनपानासाठीच्या हिरकणी कक्षांचंही तेच. एस.टी.च्या आगारांत, सरकारी इमारतींत ते झाले, ही फार चांगली गोष्ट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधिमंडळाच्या आवारातही असा कक्ष लागतो हे सगळ्यांना दिसलं. पण हे कक्ष बाळ घेऊन येणाऱ्या आईसाठी मांडलेले असतात. माझ्याकडे येणारी एक मुलगी पंपाची पिशवी घेऊन अशा एका कक्षात गेली, तर तिथल्या बाईंनी विचारलं, "बाळ कुठंय?" बाळ नाही म्हटल्यावर तिला आत बसू दिलं नाही. बाळ घरी आहे म्हणूनच तर ती तिथे आली होती. असा कक्ष पंपासाठी तयार करायला मोठा खर्च नाही: आतून लागणारी कडी, पाठीची खुर्ची, खुर्चीच्या हाताशी विजेचा प्लग, नळ आणि साबण. कचेरीत त्यातच एक छोटा फ्रिज. फ्रिज नसेल तर गोठवलेल्या जेल पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत दूध चोवीस तास टिकतं, त्यामुळे तेवढं कारण सांगून कुणी हात वर करू नयेत.

शेवटी शिकवण्याबद्दल, कारण पत्र त्यासाठीच आहे. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडताना पंपाचं सांगून उपयोग नाही. टाके दुखत असतात, बाळ अजून नीट धरत नसतं, रुजू व्हायला महिने असतात. तेव्हा फक्त हातानं दूध काढायला शिकवावं. पंपाची खरी वेळ नंतर येते, आणि त्या वेळी आई आपल्याच दारात आलेली असते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना. रजेतले काही आठवडे प्रसूतीआधी गेलेल्या नोकरदार बायका साधारण बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की कामावर परततात. म्हणजे साडेतीन महिन्यांची लस अगदी नेमकी वेळेवर पडते. लस दिल्यावर बाळावर लक्ष ठेवायला म्हणून आईला अर्धा तास थांबवतातच. तो अर्धा तास ती बाकावर बसून असते.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना माझी विनंती आहे की लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक केंद्रात एका परिचारिकेला या कामासाठी नेमावं. पडदा लावलेला एक कोपरा, मोजपट्टी, वेगवेगळ्या मापांची चार नरसाळी आणि सरावासाठी कापडी स्तन, एवढं सामान पुरे. ज्या आईनं पंप घेतलाय तिनं तो बरोबर आणावा, असं अडीच महिन्यांच्या लशीच्या वेळी कार्डावर लिहून द्यावं. खासगी बालरोगतज्ज्ञांनाही आपल्या दवाखान्यात हे सहज करता येईल. परिचारिकांना शिकवायला माणसं लागली तर आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर दोन्ही शहरांत आहेत. कोपरखैरण्याच्या केंद्रासाठी मी स्वतः, मानधन न घेता, यायला तयार आहे. माझा पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोपरखैरणे, नवी मुंबई
(कृपया नाव छापू नये.)